जगदाळ्यांच्या ओट्यास वळसा

श्री जळस्थळपती प्रसन्न. ज्याचे कृपेने बुडालेले हरवत नाही आणि हरवलेले बुडत नाही, त्याचे पायी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, वार बुध, ते दिवशी पाण्यावर जे वर्तले ते येणेप्रमाणे.

दगडी हत्ती, सोंड नसलेला. पाठीवर शेवाळ.

डावे वल्हे दोन वेळा, उजवे एक वेळा. मग थांबणे. समोरून कोणी येत असल्यास येऊ द्यावे.

एक कोंबडा, टोपलीत, पाय बांधलेले.

"सरळ जायला काय झालं?"

चिंचेचे झाड. सावलीत मासे.

अर्ज, चार पानी. त्यात सर्व लिहिले, एक गोष्ट वगळून.

चपला काढणे.

ऐसे तुकडे वेगळाले पडले होते, ते एके ठायी केले असता हकीकत ऐसी की, एक राज्य होते. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस उसाचे फड आणि मध्ये पाणी. पाणी मूळचे नव्हे. मूळची नदी, कमरेइतकी. परंतु खालते अंगास सरकारने धरण बांधिले, आणि पाणी फुगले, आणि राज्याची राजधानी, म्हणजे जुने गाव, वेशीपासून घाटापर्यंत जसेच्या तसे तळाशी गेले. रयत उठली ती निम्मी अलीकडचे काठी वसली आणि निम्मी पलीकडचे. मग इकडची लेक तिकडे दिलेली, तिकडचे शेत इकडे राहिलेले, बुधवारचा बाजार अलीकडे आणि दवाखाना पलीकडे, येणेप्रमाणे जाण्यायेण्यास नाव अवश्य जाहली. ती नाव गेनू भोई यांनी हाकली आणि त्यांचे मागे त्यांचे चिरंजीव लहानू भोई हाकू लागले. नाव लाकडी, डांबर लावलेली, दहा माणसांची, अकरावे बसल्यास लहानूजी काही न बोलता त्याजकडे पाहत, मग अकरावे माणूस आपणच उतरत असे.

आता या राज्याची जी रीत ती सांगणे अवश्य, कारण पुढील सर्व तीवरच आहे. सरळ रेघेत पाणी ओलांडल्यास पाव घटकेचे काम. लहानूजी दोन घटका घेत. कारण ते गावावरून जात नसत, गावातून जात. पलीकडची खिंड आणि साखर कारखान्याचे धुराडे एका ओळीत आले म्हणजे खाली वेस आली. तेथून नाव आत घ्यावी. मग शाळेची पांढरी टाकी पिंपळाचे डावे खांद्यावर बसली म्हणजे पेठेचा रस्ता लागला, तेथे डावीकडे वळावे. ऐसे वळत वळत, गल्लीगल्लीने, कोणाची भिंत न ओलांडता, कोणाचे अंगणातून न जाता, नाव घाटास लागे. देवळावरून जाताना नावेतील सर्व माणसे चपला काढून मांडीवर घेत. कुंभाराचे आव्याजवळ, म्हणजे भट्टीजवळ, कोणी पाण्यात हात घालीत नसे. सुना आपल्या सासऱ्याचे घरावरून जाताना पदर नीट करीत, मग सासरे वारून तीस वर्षे का होईनात. पुढे कारखान्याचे धुराडे पाडिले तेव्हा लहानूजी तीन दिवस नाव काठास बांधून नुसते पाहत बसले, आणि चौथे दिवशी डोंगरावरील टेलिफोनचा मनोरा व मारुतीचा ध्वज ऐसी नवी ओळ धरून पुन्हा वेशीतून आत गेले. राज्यात कोणासही यात नवल वाटले नाही. रस्ता आहे तर रस्त्याने जावे, यात नवल ते काय.

आणि याच गावठाणात एक तंटा होता. पेठेचे मागील गल्लीत एका अंगास जगदाळे आणि दुसरे अंगास खराडे. जगदाळ्यांनी दाराशी दगडी ओटा बांधिला. खराड्यांचे म्हणणे, ओटा तीन हात रस्त्यात आला, आमची गाडी वळत नाही. जगदाळ्यांचे म्हणणे, ओटा आमचे हद्दीत, रस्ताच मुळी तेथे अरुंद. मोजणी मागितली, मोजणीवाला येणार येणार ऐसे जाहले, आणि पाणी आधी आले. तंटा तळाशी गेला, भांडण मात्र वर राहिले, आणि ते आज बावन्न वर्षे चालले आहे. त्या ठिकाणी लहानूजी नाव किंचित उजवीकडे घेत, एक वळसा घालीत आणि पुन्हा गल्लीत आणीत. खराडे म्हणत, "बघा, ओट्याला वळसा घालावा लागतोय." जगदाळे म्हणत, "रस्ताच तिथं वाकडाय, म्हणून वळतोय." आणि दोन्हीकडचे लोक लहानूजींस विचारीत, "खरं काय रं?" लहानूजी म्हणत, "जरा बुडाखालचं पाणी काढा की, पाय भिजत्यात." याखेरीज त्यांनी कधी उत्तर केले नाही. दोन्ही काठांस नेणाऱ्याने एका काठाचे बोलू नये, हे त्यांचे व्रत होते.

त्या वर्षी राज्याची मुख्य कुसुमताई खराडे, म्हणजे सरपंच. बाई हुशार, बोलण्यास तिखट, राज्याचा लौकिक व्हावा ऐसी मनस्वी इच्छा. सुभ्याचे कचेरीतून पत्र आले की, ज्या गावास प्रेक्षणीय आणि ऐतिहासिक स्थळे असतील त्यांनी अर्ज करावा, पाहणी होऊन पर्यटनाचे यादीत नाव घातले जाईल, घाट बांधून मिळेल, आणि घाटास एक नौका, एकच, परवान्याने नेमली जाईल. तेव्हा कुसुमताईंनी चार पाने अर्ज लिहिला. त्यात हेमाडपंती महादेव, चोवीस खांबांचा. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, तीन बाजूंनी उतरण. वेस व दोन बुरूज. दगडी हत्ती. लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळा, पाच. पेठ, दुतर्फा. नदीचा घाट, पलीकडचे चढावर, एकवीस पायऱ्या. सातही स्थळे ऐसी वर्णिली की वाचणाराने उठून चालू लागावे. अर्ज ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविला. दोन काठांची मिळून दोनशे माणसे बसली होती. एकाने म्हटले हत्तीची सोंड तुटली आहे ते लिहा, ते लिहिले. दुसऱ्याने म्हटले बारवेची खालची पायरी खचली आहे, फसवणूक नको, तेही लिहिले. परंतु ही सर्व स्थळे पाण्याखाली आहेत हे लिहावे ऐसे दोनशेपैकी एकासही सुचले नाही. माणसाने आपला पत्ता सांगताना वर आभाळ आहे ऐसे सांगावे काय? तसेच ते राहून गेले.

आणि नौकेचा परवाना एकच, हे ऐकून लहानूजींची झोप उडाली. कारण खालचे अंगाकडून पिंटूशेठ म्हणून एक गृहस्थ यंत्राची नौका घेऊन आला होता. नौका पांढरी, तीस माणसांची, नारिंगी जाकिटे, वर कर्णा लाविलेला. पिंटूशेठ स्वभावाने वाईट नव्हे. त्याने लहानूजींस चहा पाजून सांगितले, "मामा, परवाना मला मिळाला तर तुम्ही माझ्याकडं या. दोर बांधायला, लोकांना हात द्यायला माणूस लागतोच." लहानूजींनी विचारिले, "नाव कुठनं घेणार?" तो म्हणाला, "कुठनं म्हंजे? इथनं तिथं." आणि हाताने सरळ रेघ दाखविली. ती रेघ कोणाकोणाचे घरातून जाते हे लहानूजींस त्याच क्षणी कळले, आणि चहा तसाच ठेवून ते उठले. पोटापाण्याची काळजी होतीच. परंतु त्याहून मोठी ही की, एकदा सरळ जाणे सुरू जाहले म्हणजे रस्ते बुजले. पाण्यात रस्ता चालता आहे तोवरच रस्ता आहे.

मग ठरले दिवशी पाहणी अधिकारी वर्तक मॅडम यांची स्वारी आली. वय तिशीचे आत, पायी चढणीचे बूट, पाठीस थैली, हाती मोजपट्टी, आणि कागदाची नळी; तीत जुने गावठाणाचा सरकारी नकाशा, दप्तरातून मुद्दाम काढून आणिलेला. कुसुमताईंनी नारळ दिला, फेटा बांधिला. मॅडम म्हणाल्या, "आधी देऊळ बघू. किती चालायचंय?"

"चालायचं कशाला, हे काय समोरच," कुसुमताई म्हणाल्या.

"समोर पाणी आहे."

"व्हय. त्याच्या खाली."

मॅडमनी अर्ज काढिला, पान उलटिले. "आणि बारव?"

"ती बी खालीच. बारवेत तर आधीपासनंच पाणी हुतं म्हणा."

"बुरूज? हत्ती?" मॅडमचा आवाज हळूहळू चढला. "सात स्थळांपैकी पाण्याच्या वर किती आहेत?"

कुसुमताईंनी मनात हिशेब केला. "घाटाच्या वरच्या तीन पायऱ्या. उन्हाळ्यात पाच."

"अर्जात पाण्याचा एका शब्दानं उल्लेख नाही!"

तेव्हा कुसुमताईंनी जीभ चावली आणि मागे उभ्या राहिलेल्या मंडळीकडे पाहिले, आणि मंडळीने एकमेकांकडे पाहिले, आणि कोणी एक म्हणाला, "ते राहिलंच की ओ." त्याचे बोलण्यात लबाडी नव्हती, खरेच राहिले होते, हे मॅडमना त्यांचे तोंडाकडे पाहूनच कळले, म्हणून त्या रागावल्या तरी गाडीत जाऊन बसल्या नाहीत. संवत्सर क्रोधी, परंतु क्रोध तेवढाच, पाण्याबाहेरील पायऱ्यांइतका.

पिंटूशेठ पुढे जाहला. "मॅडम, माझ्या बोटीतनं बघा. सात मिनिटांत सगळं." मॅडम बसल्या, कुसुमताई बसल्या, यंत्र गुरगुरले, नौका निघाली. लहानूजी काठावर उभे. शेजारी हौसाबाई जगदाळे, वय पंचाहत्तर, बुधवारचा बाजार म्हणून भल्या सकाळी अलीकडे येऊन कोंबड्यास मनाजोगे गिऱ्हाईक न मिळाल्याने तो परत पलीकडे नेण्यास टोपली घेऊन बसल्या होत्या. नौका सरळ चालली तैसे लहानूजी तोंडातल्या तोंडात बोलू लागले, "गेला. शिंप्याच्या माजघरातनं गेला. आता बामणाच्या विहिरीवरनं." हौसाबाई म्हणाल्या, "आता कुठं?" लहानूजी म्हणाले, "आता देवळात. बाजूच्या भिंतीतनं आत." हौसाबाईंनी कपाळास हात लाविला. "चपला घालून, मेला." तिकडे कर्णा गात होता की, "आता आपण प्राचीन मंदिराच्या वर आहोत," परंतु त्या वेळी ते सुताराचे गोठ्यावर होते. सात मिनिटांत नौका जाऊन परत आली. मॅडम उतरल्या. कुसुमताईंनी विचारिले, "कसं वाटलं?" मॅडम म्हणाल्या, "ओलं."

(येथे मूळ कागद भिजलेला असून चार ओळी गेल्या आहेत. त्यांत मॅडमनी परत निघण्यासाठी गाडीवाल्यास हाक मारली, आणि लहानूजी उभ्या आयुष्यात प्रथमच परक्या माणसाशी आपण होऊन बोलले, इतके समजते.)

"आलाच हाय तर माझ्या नावंतनं बी बसा. पलीकडं हौसाबाईंस्नी सोडायचंच हाय," ऐसे लहानूजी बोलले. मॅडम बसल्या. कुसुमताईही बसल्या, परंतु नाकावर पदर धरून, कारण त्यांचे मन पांढऱ्या नौकेकडे होते. वळशाचे नावेत बसणे म्हणजे दर खेपेस सासरच्या तंट्यास वळसा घालणे, त्याचा त्यांस कंटाळा आला होता. हौसाबाई टोपली मांडीवर घेऊन समोर बसल्या. दोन्ही बायका एकमेकींशी बोलत नसत, कोंबड्याशी बोलत. मॅडमनी थैलीतील फोन काढून त्यात काही केले, म्हणजे नाव जेथून जाईल तेथून पडद्यावर निळी रेघ उमटत जावी. लहानूजींनी खिंडीकडे पाहिले, मनोऱ्याकडे पाहिले, ध्वज ओळीत येईतो थांबले, आणि म्हणाले, "वाकून घ्या मॅडम, वेस हाय." आणि मॅडमची मान आपोआप लवली. मग वर पाहतात तो स्वच्छ आभाळ, आणि त्या हसल्या.

नाव चालली. लहानूजी सांगत गेले, "हे पेठेचं तोंड. उजवीकडं वाण्याचं दुकान, त्याच्या दारात गुळाची ढेप असायची, म्हणून इथं गाढवं थांबायची. ही चिंच, सावलीत आता मासे. हा हत्ती. कोण म्हणतं राजाचा, कोण म्हणतं पाटलाच्या लग्नातला. सोंड एका जत्रेत पोरं चढली तवा गेली." मॅडम म्हणाल्या, "इकडून सरळ गेलं तर देऊळ जवळ पडेल ना?" लहानूजी म्हणाले, "मधी भिंत हाय की." "कुणाची?" "शिंप्याची. आताच एकदा पाडून आलाय तुम्ही." मॅडमनी तोंड पाण्याकडे वळविले, खांदे मात्र हालत होते. बारवेवर नाव क्षणभर थांबली. लहानूजी म्हणाले, "हितं तीन अंगानं बायका उतरायच्या. एका अंगाची दुसऱ्या अंगाला दिसायची न्हाई, पर सगळं ऐकू जायचं. गावातली निम्मी भांडणं हितनं निघाली." कुसुमताई कोंबड्यास म्हणाल्या, "आणि निम्मी ओट्यावरनं." हौसाबाई कोंबड्यास म्हणाल्या, "ज्यांची गाडी वाकडी त्यांना जग वाकडं." लहानूजी वल्हे मारीत राहिले. देवळापाशी आले तेव्हा हौसाबाईंनी, कुसुमताईंनी चपला काढिल्या. मॅडमचे बूट बंदांचे, ते सोडविण्यास वेळ लागला, तोवर लहानूजींनी नाव देवळाबाहेर उभी धरली. बूट मांडीवर आल्यावर नाव आत घेतली. पाणी हिरवे, निवांत. चोवीस खांब दिसले नाहीत, परंतु लहानूजी खांबामागून खांब टाळीत नाव ऐसी हलके फिरवीत होते की मॅडमनी आपला हात काठावरून आत घेतला, लागेल म्हणून.

मग मागची गल्ली आली. लहानूजींनी डावे वल्हे दोन वेळा मारिले, नाव उजवीकडे सरली, वळसा पडला, पुन्हा गल्लीत आली. घाट आला, पलीकडचा काठ लागला.

तेथे बाभळीखाली मॅडमनी नकाशा पसरिला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेविले, आणि फोनातील निळी रेघ त्यावर धरून पाहू लागल्या. वेशीपाशी रेघ वेशीतून. पेठेत पेठेचे मधून. हत्तीस प्रदक्षिणा. देवळाचे दार पूर्वेस, रेघ पूर्वेकडून आत. मॅडम पाहत गेल्या तैशा खाली बसल्या, मग गुडघ्यांवर आल्या, फेटा सुटून खांद्यावर आला तरी त्यांस भान नाही. "हे शक्य नाही," ऐसे दोन वेळा बोलल्या. लहानूजी वल्हे पुसत उभे होते. नकाशा त्यांनी प्रथमच पाहिला, आणि त्यावर गल्ल्या इतक्या बारीक काढलेल्या पाहून त्यांस गंमत वाटली. मग मॅडमचे बोट एके ठायी थांबले. "इथं मात्र चुकलं," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"या मागच्या गल्लीत. नकाशात रस्ता सरळ आहे, रुंदी सारखी. तुम्ही इथं बाहेर गेलात आणि परत आत आलात. का?"

लहानूजींचे हात थांबले. एका बाजूस कुसुमताई उभ्या, एका बाजूस हौसाबाई. ओटा हा शब्द बोलला तर बावन्न वर्षांचा निकाल लागतो, तोही हौसाबाईंचे तोंडावर, खराड्यांचे सुनेदेखत. हौसाबाईंचे यजमान गेलेले, लेक मुंबईस, आणि बाईंजवळ मोठा ऐवज म्हणजे आपले बोलणे. ते नावेतल्या माणसाने काढून घ्यावे काय?

मॅडम म्हणाल्या, "काका, मला लिहावं लागेल. सगळं बरोबर असेल तर मी छातीठोक लिहीन की या माणसाला गाव पाठ आहे, नाव यांचीच हवी. पण एक ठिकाण अंदाजानं असेल तर वरचे साहेब म्हणतील, बाकीचंही अंदाजानंच. मग सात मिनिटांची बोट बरी. तिथं काय आहे?"

लहानूजींनी पाण्याकडे पाहिले. मग म्हणाले, "चुकलं असंल, मॅडम."

इतके बोलून त्यांनी नावेचा दोर सोडावयास घेतला. गाठ सुटेना. कुसुमताईंस खरे तर आनंद व्हावा, परंतु त्यांस तो होईना. त्याही गाठीकडेच पाहत राहिल्या. तोच हौसाबाईंनी टोपली खाली आपटिली, आणि कोंबडा ओरडला, आणि बाई कडाडल्या, "चुकलं? कुणाचं चुकलं? आरं, गेनू भोयाचा तू, तुझं चुकंल कसं? ओ मॅडम, तिथं ओटा हाय. माझ्या मालकानं बांधला. तीन हात. रस्त्यात. बांधताना मी सांगितलं हुतं, अवो एवढा पुढं घेऊ नका, तर म्हणले, बसायला आल्याली माणसं मावली पायजेत. मावायची बी. लिहा."

मग कुसुमताईंनी असा श्वास घेतला जणू खोल बुडी मारून वर आल्या. "बघा! बघा मॅडम! आमच्या सासूबाई हेच सांगत सांगत गेल्या! घ्या लिहून, अतिक्रमण लिहा!"

"लिहू दे की," हौसाबाई म्हणाल्या.

"लिहू दे काय? सरपंच म्हणून सांगते, काढून टाका तो ओटा!"

"काढ ना बाई. उतर खाली. मी धरते तुजा पदर."

तेव्हा प्रथम मॅडम हसल्या, मग काठावरची मंडळी, आणि शेवटी कुसुमताईंस आवरेना, त्या हसता हसता हौसाबाईंचेच खांद्यास धरून उभ्या राहिल्या, आणि बावन्न वर्षांत खराड्यांचा हात जगदाळ्यांस लागला तो हा. हौसाबाई म्हणाल्या, "तुजी सासू गुळाचा चहा लई चांगला करायची, पर ओट्यावर कधी बसली न्हाई बघ. उभ्यानंच भांडायची." कुसुमताई म्हणाल्या, "बसा म्हणला असता तर बसल्या असत्या." हौसाबाईंनी कोंबड्याची टोपली सरळ केली. मग म्हणाल्या, "ते राहिलंच."

परंतु सरकारी काम तोंडी साक्षीवर चालत नाही, म्हणून मॅडमनी खात्री मागितली. लहानूजींनी तिघींस घेऊन नाव पुन्हा मागचे गल्लीत नेली, दोरास दगड बांधिला, आणि दगड हळू सोडिला, कोणाचे डोकीत पडू नये ऐसा. गल्लीत बत्तीस फूट भरले. मग नाव दोन हात डावीकडे घेऊन पुन्हा सोडिला. दोर मधेच सैल पडला. मॅडमनी मोजपट्टी लाविली, साडेएकोणतीस. अडीच फूट उंचीचा ओटा, जागच्या जागी. मॅडमनी दोर आपले हाती मागून घेतला आणि दगड पुन्हा एकदा, हलकेच, ओट्यावर टेकवून पाहिला. लहानूजी म्हणाले, "बसायचं असंल तर बसू जरा. कुणी उठवणार न्हाई." आणि नाव ओट्यापाशी उभी करून चौघे तैसेच बसले, आणि हौसाबाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून सर्वांस दिल्या, कुसुमताईंस मूठभर जास्त.

मॅडमनी कचेरीत जाऊन जो कागद लिहिला त्यातील मतलब ऐसा: राज्यात प्रेक्षणीय स्थळे सात, सर्व सुस्थितीत, कारण तेथे कोणी हात लावू शकत नाही. ती डोळ्यांस दिसत नाहीत, परंतु नावाडी लहानू गेनू भोई यांजबरोबर गेल्यास दिसतात. सबब जुने गावठाणाचे हद्दीत यंत्राचे नौकेस मनाई करावी, वल्ह्याची नाव तेवढी चालावी, आणि परवाना त्यांजला द्यावा. यंत्राचे नौकेने वेशीबाहेरील पाण्यात पक्षी, डोंगर व सूर्यास्त दाखवावे. नकाशात दुरुस्ती करून मागील गल्लीत ओटा दाखवावा, मालक जगदाळे. वरचे साहेबांनी कागदावर विचारिले की, "पर्यटकांना नक्की काय बघायला मिळेल?" मॅडमनी खाली लिहिले, "स्वतः येऊन बूट काढावेत."

परवाना आला तो होळीचे आधी. पिंटूशेठने वेशीबाहेरचे पाणी घेतले, कुरकूर केली नाही, उलट एके दिवशी कर्णा बंद करून आला आणि म्हणाला, "मामा, वेस नक्की कुठं संपती तेवढं दाखवा, चुकून आत यायला नको." लहानूजींनी त्यास मनोरा आणि ध्वज दाखविला. त्याने चार वेळा विचारून घेतले.

झाले ते इतके. राज्याचे नाव यादीत गेले, शनिवारी-रविवारी परगावची माणसे येऊ लागली, वेशीत वाकू लागली, देवळावर बूट मांडीवर घेऊ लागली. हौसाबाई आणि कुसुमताई एका बाकावर बसतात आणि आता कोंबड्याशी बोलत नाहीत. ओट्यास वळसा पूर्वीसारखाच पडतो. जे ऐकले ते लिहिले, अधिकउणे असेल ते पाण्याने भरून घ्यावे.

गाव पाण्याखाली गेले शके अठराशे चौऱ्याण्णव साली; लहानू भोई जन्मले शके अठराशे नव्व्याण्णव साली.